घड्याळ रोज डीप स्लीप ४० मिनिटंच दाखवतं. काळजी करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, ठाण्याहून अंधेरीला नोकरीला जाता, सहा महिन्यांपासून मनगटावर झोप मोजणारा पट्टा आहे. ॲप रोज सव्वासहा तासांच्या आसपास झोप दाखवतं, त्यात डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप, ४० मिनिटं, झोपेचा स्कोअर शंभरात साठीच्या घरात. दिवसा तसा काही त्रास नाही, पण ‘सकाळी आकडा बघितला की थकल्यासारखं वाटायला लागतं’. मग महागातलं घड्याळ घ्यावं, की डॉक्टरांकडे जावं?

घड्याळ घेऊ नका. डॉक्टरांचं शेवटी सांगते, त्याला एक अट आहे.

मी स्वतः डॉक्टर नाही. मुलुंडला राहते, फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि तीन वर्षं झोपेचा पट्टा बांधून काढली आहेत. आमच्या घरात या पट्ट्याने दोघांना चकवलं. मला काही झालं नव्हतं, तर मला घाबरवून सोडलं. नवऱ्याला खरंच काहीतरी झालं होतं, तर त्याची पाठ थोपटत राहिला.

आधी तो नक्की काय मोजतो ते बघा. खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत असतो. (पहिल्या रात्री सासूबाईंनी विचारलं होतं, ‘अगं, तुझ्या पांघरुणात काजवा शिरलाय की काय?’) रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त थोडं जास्त येतं आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या कमी-जास्तावरून तो ठोके मोजतो. जोडीला हालचाल टिपणारा एक सेन्सर असतो. काहींमध्ये ऑक्सिजनसाठी लाल दिवाही असतो. तुमच्या झोपेबद्दल पट्ट्याला जे कळतं ते एवढ्यावरून, बाकी सगळा अंदाज.

माझ्या मुलीने एकदा गंमत म्हणून पट्टा लाटण्याला बांधला. थोडा वेळ विचार करून त्याने लाटण्याचे ठोके सांगितले, मिनिटाला ७४. प्रकाश कशावरून तरी परत येतोय ना, मग ठोके असणारच, असा त्याचा हिशोब.

आता डीप स्लीप. झोपेच्या पायऱ्या (हलकी, गाढ, रेम) मेंदूत घडतात, मनगटात नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी रेम झोप, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती झोप, दाखवून दिली ती झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून. आजही पक्की चाचणी करायची तर हॉस्पिटलात रात्रभर झोपावं लागतं. डोक्याला मेंदूच्या लहरींच्या तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला तारा, नाकाशी श्वासाची नळी, छातीला आणि पोटाला पट्टे. मग ती अख्खी रात्र ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून तपासतात आणि प्रत्येक तुकडा कुठल्या पायरीचा ते ठरवतात. एवढं करूनही दोन प्रशिक्षित माणसांचं प्रत्येक तुकड्यावर एकमत होत नाही. मनगटावरचा पट्टा यातलं काहीच बघत नाही. ठोके संथ आणि एका लयीत आहेत, हात हलत नाही, म्हणजे बहुधा डीप, असं तो म्हणतो.

मी एक उद्योग केला होता. ऑफिसने सगळ्यांना कुठल्याशा वेलनेस योजनेत घड्याळं वाटली, तेव्हा आठवडाभर डाव्या हाताला जुना पट्टा आणि उजव्या हाताला नवं घड्याळ बांधून झोपले. एका रात्री डाव्या हाताने डीप स्लीप ५२ मिनिटं सांगितली, उजव्याने १ तास ४७. बाई तीच, गादी तीच. झोपेची सुरुवात आणि शेवट मात्र दोघांच्यात पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळत होते.

शिवाय तुमचे आकडे खरे धरले तरी सव्वासहा तासांत ४० मिनिटं म्हणजे दहा टक्क्यांच्या जरा वर. मोठ्या माणसांत गाढ झोप साधारण १० ते २० टक्के असते आणि वयाबरोबर कमी होत जाते. म्हणजे ॲप ज्याला लाल रंग देतंय ते काही जगावेगळं नाही.

पट्ट्याची एक जुनी खोडही लक्षात ठेवा: न हलता जागं पडलेल्या माणसाला तो सहज झोपलेला समजतो. मध्यरात्री दोन तास छताकडे बघत पडलात तर त्यातले कितीतरी झोपेच्या खात्यात जमा होतात. माझ्या पट्ट्याने तर दादरच्या एका नाट्यगृहात दुसऱ्या अंकाची २५ मिनिटं झोप म्हणून नोंदवली होती. (मी जागी होते. नाटक तसं होतं, हे कबूल.)

नुसत्या फोनच्या ॲपबद्दल फार लिहीत नाही. गादीवर फोन ठेवून हालचाल आणि आवाज टिपायचा असतो, पण एका गादीवर दोघं-तिघं झोपत असू तर तो कोणाची कूस मोजणार? आणि फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका, तापतो.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य म्हणजे आकडा बघितल्यावर थकवा येतो. हे खुळ नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निद्रानाश असलेल्या लोकांच्या मनगटाला यंत्र बांधलं आणि सकाळी त्यांना मुद्दाम बनावट निकाल दाखवले. काहींना सांगितलं छान झोपलात, काहींना सांगितलं झोप वाईट झाली. ज्यांना वाईट सांगितलं त्यांना त्या दिवशी जास्त मरगळ आणि झोपाळूपणा जाणवला, निकाल खोटा असूनही. झोपेच्या आकड्यांच्या अशा ध्यासाला २०१७ मध्ये अमेरिकेतल्या केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलंय. मी त्यातून गेले आहे. साडेनऊला अंथरुणावर पडायचं, जास्त वेळ पडलं तर जास्त डीप मिळेल या आशेने, आणि अकरापर्यंत जागं राहून मनातल्या मनात स्कोअर काढायचा. झोप अशी मागून येत नाही, उलट लांब जाते.

आता नवरा. वय ४९, साडेदहाला आडवा झाला की सहापर्यंत ओंडका. स्कोअर ८८, ९०. सकाळी चहा घेताना मला मोबाईल दाखवायचा, ‘बघ, शीक काहीतरी.’ तोच माणूस एलबीएस मार्गावर सिग्नलला गाडीत पेंगला, मागचे हॉर्न वाजवून दमले. सकाळी डोकं जड, ब्लडप्रेशरची गोळी वाढलेली. आणि घोरणं असं की शेजारच्या काकांनी एकदा लिफ्टमध्ये तब्येतीची चौकशी केली. पण मला भीती घोरण्याची नव्हती, घोरणं थांबायचं त्याची होती. आवाज एकदम बंद. मी अंधारात मोजायचे, एक, दोन, तीन... कधी अठरा, कधी पंचवीस. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, आणि परत इंजिन सुरू.

श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. डॉक्टरांनी घरी करायची स्लीप स्टडी सांगितली: छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला क्लिप, एक रात्र. तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत होता किंवा उथळ होत होता. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गंभीर. रक्तातला ऑक्सिजन एका ठिकाणी ७९ टक्क्यांपर्यंत उतरलेला. त्याच रात्री मनगटावरच्या पट्ट्याने दिले ८७ गुण! श्वास अडला की मेंदू काही सेकंदच जागा होतो, माणूस हलेलच असं नाही आणि सकाळी त्याला काही आठवतही नाही. पट्ट्याच्या लेखी ती शांत झोप. आता तो सीपॅपचं मशीन लावून झोपतो, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले पंधरा दिवस मास्कवरून घरात महाभारत झालं, मग सवय झाली.

२०२४ पासून काही घड्याळांना ॲप्नियाची शंका सांगण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली आहे. ती सूचना आली तर दुर्लक्ष करू नका. पण सूचना आली नाही म्हणजे ॲप्निया नाही, असा अर्थ काढू नका.

मग पट्टा कचऱ्यात टाकायचा का? नाही. मला त्याने दोन गोष्टी अगदी बरोबर दाखवल्या.

पहिली, वेळा. सोमवार ते शुक्रवार माझी झोप १२:२० ते ५:५०. शनिवारी रात्री १:३० ते रविवारी सकाळी ९:३०. झोपेचा मध्य काढला तर एरवी तीन वाजून पाच मिनिटं आणि सुट्टीला साडेपाच, म्हणजे जवळजवळ अडीच तासांची सरकासरक. भारत आणि सौदीच्या घड्याळात एवढाच फरक आहे. मी दर शनिवारी रात्री रियाधला जात होते आणि सोमवारी पहाटे परत मुलुंडला येऊन डबे भरत होते. सोमवारी डोकं का चालत नाही याचं उत्तर एवढं साधं होतं. रविवारी साडेसातला उठायला लागले, रोज रात्री पाऊण तास आधी पडायला लागले, बाकी काही केलं नाही.

दुसरी गोष्ट ठोक्यांच्या आलेखात सापडली. रोज पहाटे ५:१० ला एक टेंगूळ. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, सणावारी, कधीही बघा, ५:१० ला ठोके चढलेले. चिपळूणला माहेरी गेले की टेंगूळ गायब. आमच्या इमारतीला पहाटे पाणी येतं, तेव्हा वॉचमन पंप चालू करतो आणि तो पंप बरोबर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली आहे. मला जाग येत नव्हती, किंवा आलेली आठवत नव्हती, पण अंगाला कळत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो आलेख दाखवला, लोक हसले. मग सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, ‘आमच्याकडेही खिडकी हादरते हो.’ पंपाखाली रबरी पॅड बसले. रात्री पावणेअकराला जेवलं की पहिले दोन-तीन तास ठोके चार-पाचने जास्त राहतात, हेही त्याच आलेखात दिसलं. पण सीएसएमटीहून घरी पोचून स्वयंपाक करणारीला त्यावर फार काही करता येत नाही.

तर तुम्ही असं करा. स्कोअर आणि पायऱ्यांचे रंगीत पट्टे ॲपच्या पहिल्या पानावरून काढता येत असतील तर काढा, येत नसतील तर सकाळी ॲप उघडूच नका. दोन-तीन आठवडे फक्त रविवारी बघायचं: कधी झोपलो, कधी उठलो, रात्रीचे ठोके नेहमीपेक्षा वर आहेत का. जोडीला रोज दुपारी, म्हणजे आकडा न बघता, कॅलेंडरवर एक शब्द लिहा, ‘ताजा’ किंवा ‘सुस्त’. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर बांधा, खाली एक बोट जाईल इतपत. मुंबईच्या घामात तो रोज धुवा, नाहीतर पुरळ येतं. मोठ्यांना सात तास तरी झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तुमचे सव्वासहा त्याहून कमी आहेत, तेव्हा वाढवायचंच तर ते वाढवा, डीपच्या मागे लागू नका.

डॉक्टरांची अट ही. बसल्याजागी, मीटिंगमध्ये, सिग्नलला डोळा लागतो का? (लोकलमध्ये बसायला मिळाल्यावर लागला तर धरू नका, मग अख्खी मुंबई आजारी ठरेल.) सकाळी डोकं जड असतं का? आठवड्यातून तीनेक रात्री झोपच लागत नाही आणि असं तीन महिने चाललंय का? आणि तुम्ही आईबरोबर राहता असं लिहिलंय, तर उद्या सकाळी आईंना विचारा, मी घोरतो का, आणि घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का. वरच्या कशालाही ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडे जा. आई हो म्हणाल्या तर स्कोअर साठ असो वा नव्वद, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि आईंना बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी नवऱ्याचा मोबाईल बाजूला ठेवून आधी मलाच विचारलं होतं, ‘तुम्ही किती मोजलेत?’