वाचकांचे प्रश्न : ॲझ्युअर ऑटोमेशनमधले बदल आणि बंद पडलेली रनबुक

ॲझ्युअर ऑटोमेशन ही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधली कामे आपोआप करून देणारी सेवा, आणि रनबुक म्हणजे त्या कामाची स्क्रिप्ट. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न 'कालपर्यंत चालत होते, आज चालत नाही' याच प्रकारचे आहेत. अशा वेळी तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा : रनबुक कोणाच्या ओळखीने लॉगिन करते, कोणत्या आवृत्तीवर चालते आणि कुठे चालते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तारखांना बदलल्या आहेत. त्यामुळे एकच दुरुस्ती सगळीकडे लागू पडत नाही.

प्रश्न : आमच्या खात्यात जुनी रनबुक बरीच आहेत. त्यांतली काही सुरुवातीलाच थांबतात; कनेक्शन सापडत नाही किंवा सर्टिफिकेट चालत नाही अशी एरर येते. कोडला कोणी हात लावलेला नाही. मग बिघडले काय?

कोड तोच आहे, पण तो ज्या सोयीवर लॉगिन करत होता ती राहिलेली नाही. रनबुकच्या सुरुवातीला 'ॲझ्युअर-रन-ॲज-कनेक्शन' हे नाव दिसते का पाहा. दिसले तर ते रनबुक रन ॲज अकाउंट वापरत होते, आणि ही पद्धत 30 सप्टेंबर 2023 रोजी बंद झाली. तिच्या जागी मॅनेज्ड आयडेंटिटी, म्हणजे ॲझ्युअरनेच सांभाळलेली, सर्टिफिकेट नवे करावे न लागणारी ओळख आली. हा बदल चांगलाच आहे. जुन्या पद्धतीत दर वर्षी सर्टिफिकेट नवे करावे लागे आणि ते विसरले की सगळी रनबुक एकदम थांबत. शिवाय त्या अकाउंटला सुरुवातीलाच पूर्ण सबस्क्रिप्शनवर (एकत्र बिल येणाऱ्या सगळ्या रिसोर्सवर) 'काँट्रिब्युटर', म्हणजे बदल करण्याचे अधिकार मिळत. एखादे मशीन रात्री बंद करणाऱ्या रनबुकला एवढ्या अधिकाराची गरज नसते.

दुरुस्ती अशी करा. ऑटोमेशन अकाउंटमध्ये 'आयडेंटिटी' उघडा, 'सिस्टम असाइन्ड' चालू करून सेव्ह करा. मग तिथेच रोल असाइनमेंटमध्ये जाऊन रोल द्या. नुसती मशीन चालू-बंद करायची असतील तर त्या रिसोर्स ग्रुपपुरता 'व्हर्च्युअल मशीन काँट्रिब्युटर' पुरतो. शेवटी रनबुकमधल्या कनेक्शन आणि सर्टिफिकेटच्या ओळी काढून तिथे कनेक्ट-एझअकाउंट ही कमांड 'आयडेंटिटी' पर्यायासह लिहा.

बहुतेक जण अडतात ते रोलपाशी. आयडेंटिटी चालू असते, पण रोल द्यायचा राहून जातो. मग 'सबस्क्रिप्शन आयडी रिकामा असू शकत नाही' अशा अर्थाची एरर येते आणि माणूस कोडमध्ये सबस्क्रिप्शनचा क्रमांक शोधत बसतो. खरे कारण एवढेच की त्या आयडेंटिटीला एकही सबस्क्रिप्शन दिसत नाही. रोल दिल्यावरही तो लागू व्हायला काही मिनिटे जातात, म्हणून लगेच चाचणी घेऊन निष्कर्ष काढू नका. रनबुक दोन सबस्क्रिप्शनमध्ये काम करत असेल तर रोल दोन्हीकडे हवा.

लॉगिनच्या आधी डिसेबल-एझकॉन्टेक्स्टऑटोसेव्ह ही ओळ प्रोसेसच्या व्याप्तीसह जरूर ठेवा. क्लाउडमध्ये दोन जॉब (रनबुकच्या दोन फेऱ्या) एकाच सँडबॉक्समध्ये, म्हणजे सेवेने दिलेल्या चालण्याच्या जागेत, चालू शकतात. ही ओळ नसेल तर एका जॉबने निवडलेले सबस्क्रिप्शन दुसऱ्याला लागू होऊ शकते आणि भलत्याच ठिकाणची मशीन बंद होतात. त्यात एररही येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा कळते.

हात घातलाच आहे तर कमांडच्या नावात 'एझ्युअरआरएम' आहे का तेही बघून घ्या. त्या मॉड्यूलचा (कमांडच्या संचाचा) आधार 29 फेब्रुवारी 2024 रोजी संपला. त्याच्या जागी एझ मॉड्यूल वापरा, पण एकाच रनबुकमध्ये दोन्हींची सरमिसळ करू नका. दोघांच्या असेंब्ली (आतल्या कोडच्या फाइल) एकमेकींशी भांडतात.

प्रश्न : पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्टची भाषा) 5.1 वरची रनबुक 7.4 वर न्यायची आहेत. रनटाइम एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमके काय, आणि नेताना काय मोडते?

आधी मॉड्यूल पूर्ण अकाउंटसाठी एकदाच आयात होत. एका रनबुकसाठी मॉड्यूल अपडेट केले की त्याच आवृत्तीवर चालणारी बाकीची रनबुकही नव्या मॉड्यूलवर जात, मग ती तयार असोत वा नसोत. रनटाइम एन्व्हायर्नमेंटमध्ये भाषा, तिची आवृत्ती आणि लागणारी पॅकेजे यांचा एक संच बनवता येतो आणि प्रत्येक रनबुक हव्या त्या संचाला जोडता येते. आमच्या मते अलीकडच्या बदलांत हा सर्वांत उपयोगी आहे, कारण परत फिरण्याची वाट उघडी राहते. नवा संच बनवा, रनबुक त्यावर टेस्ट पेनमध्ये चालवा, ठीक वाटले तर जोडून पब्लिश करा, बिघडले तर पुन्हा जुन्या संचाला जोडा. संच एकदा बनवला की त्याची भाषा आणि आवृत्ती बदलत नाही. 7.4 हवे तर नवाच संच लागतो.

मोडते काय? गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट 7 मध्ये नाही, गेट-सिमइन्स्टन्स वापरा. पॉवरशेल वर्कफ्लो प्रकारची रनबुक 7 वर जातच नाहीत, ती साध्या पॉवरशेलमध्ये नव्याने लिहावी लागतात. हे दोन्ही लगेच लक्षात येते. लपून राहते ती जेसनमधली (प्रणालींमध्ये माहिती पाठवण्याच्या मजकूर-स्वरूपातली) तारीख. समजा, एखाद्या एपीआयकडून '2025-03-01T10:00:00Z' असा मजकूर येतो आणि तुम्ही 'टी' या अक्षरावर तो तोडून पुढचा भाग घेता. 5.1 मध्ये कन्व्हर्टफ्रॉम-जेसन हा मजकूर मजकूरच ठेवते. 7 मध्ये तीच कमांड त्याची तारीख-वस्तू करून देते आणि 'स्प्लिट नावाची मेथड नाही' अशी एरर येते. तिथे तोडातोड न करता तारखेला हवे ते फॉरमॅट द्या.

दुसरे, फाइलचे एन्कोडिंग. 5.1 मध्ये आउट-फाइल यूटीएफ-16 मध्ये लिहिते, 7 मध्ये बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसलेल्या यूटीएफ-8 मध्ये. ती फाइल पुढे दुसरी एखादी प्रणाली वाचत असेल तर रनबुक 'कम्प्लिटेड' दाखवेल आणि तक्रार पलीकडून येईल. म्हणून लिहिताना एन्कोडिंग नेहमी स्पष्ट द्या.

प्रश्न : मोठे जॉब बरोबर तीन तासांनी 'स्टॉप्ड' होतात. मर्यादा वाढवून मिळते का?

नाही. क्लाउड सँडबॉक्समध्ये तीन तासांहून जास्त चाललेला जॉब सेवाच थांबवते, आणि पॉवरशेल व पायथन रनबुक पुन्हा सुरूही होत नाहीत. मेमरीची मर्यादा 400 एमबी आहे. ती ओलांडली की जॉब तीन वेळा प्रयत्न करून 'सस्पेंडेड' होतो, आणि संदेशात मेमरीचा उल्लेखही नसतो. त्यामुळे स्थिती नीट वाचा : 'स्टॉप्ड' असेल तर आधी वेळेचा संशय घ्या, तीन प्रयत्नांनंतर 'सस्पेंडेड' असेल तर मेमरीचा.

काम तुकड्यांत विभागता येत असेल तर मुख्य रनबुकने प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा जॉब सुरू करावा. नाहीतर हायब्रिड वर्करवर, म्हणजे रनबुक चालवण्यासाठी जोडलेल्या तुमच्या स्वतःच्या मशीनवर, चालवा. तिथे तीन तासांचे बंधन नाही. मात्र एजंटवर चालणारा जुना हायब्रिड वर्कर 31 ऑगस्ट 2024 रोजी निवृत्त झाला. नवा बसवताना एक्स्टेन्शनवाला घ्या.

प्रश्न : ऑटोमेशन अकाउंटमधले 'अपडेट मॅनेजमेंट' गेले. मशीनचे पॅचिंग आता कुठून करायचे?

तेही 31 ऑगस्ट 2024 रोजीच बंद झाले. आता ॲझ्युअर अपडेट मॅनेजर ही स्वतंत्र सेवा वापरायची. तिला ऑटोमेशन अकाउंट लागत नाही. वेळापत्रक मेंटेनन्स कॉन्फिगरेशनमध्ये बनते. वेळापत्रक जोडूनही ॲझ्युअर मशीन पॅच होत नसेल तर त्याचे पॅच ऑर्केस्ट्रेशन 'कस्टमर मॅनेज्ड शेड्यूल्स' आहे का पाहा. पॅचिंगच्या आधी आणि नंतर चालणारी रनबुक आता इव्हेंट ग्रिडमधून (घटनेची सूचना पुढे पाठवणाऱ्या सेवेतून) वेबहुकने, म्हणजे हाक मारली की रनबुक सुरू करणाऱ्या यूआरएलने, सुरू करावी लागतात.

प्रश्न : वेबहुकला हाक मारली की 202 उत्तर येते, तरी काम झालेले नसते. असे का?

202 म्हणजे विनंती स्वीकारली आणि जॉब रांगेत लागला, एवढेच. उत्तरात जॉबचा आयडी असतो. तो जपून ठेवा आणि त्यावरून जॉबची स्थिती स्वतंत्रपणे तपासा. वेबहुकला मुदत असते. ती संपण्याआधी वाढवता येते, संपल्यावर वेबहुक नवाच बनवावा लागतो. त्याची यूआरएल बनवतानाच एकदा दिसते, नंतर नाही. दुरुस्ती करूनही जुनाच कोड चालत असेल तर पब्लिश करायचे राहिले आहे. वेबहुक आणि शेड्यूल, दोन्ही मसुदा नव्हे तर पब्लिश केलेली प्रत चालवतात.

प्रश्न : शेड्यूल आमच्या टाइम झोनप्रमाणे वेळेवर चालते, पण रनबुकने बनवलेल्या फाइलच्या नावात आदल्या दिवसाची तारीख येते.

शेड्यूलला दिलेला टाइम झोन फक्त सुरू होण्याच्या वेळेपुरता असतो. सँडबॉक्सचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, त्यामुळे गेट-डेट यूटीसी वेळच देते. नाव बनवण्याआधी ती वेळ तुमच्या टाइम झोनमध्ये बदलून घ्या. लॉगमधल्या वेळा मात्र यूटीसीतच राहू द्या, म्हणजे दोन ठिकाणचे लॉग जुळवताना गोंधळ होत नाही. जॉबची नोंद 30 दिवसांनी पुसली जाते. तपासणीसाठी ती जास्त काळ हवी असेल तर डायग्नोस्टिक सेटिंग्जमधून जॉब लॉग आणि जॉब स्ट्रीम लॉग ॲनालिटिक्सकडे (ॲझ्युअरच्या लॉग साठवणाऱ्या सेवेकडे) पाठवायला आजच सुरुवात करा. आधी पुसलेल्या नोंदी परत मिळत नाहीत.