बेंचवरच्या मुलाला कोच मिनिटं का देत नाही? आधी सांगा, कोणाची मिनिटं कापायची?

प्रश्न असा आहे: "मी अमेरिकेत शिकतो. आमच्या युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममध्ये एक फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा मुलगा) आहे. आला की पटापट सात-आठ पॉइंट करतो, तरी कोच त्याला नऊच मिनिटं देतो. फॅन्समध्ये यावरून रोज भांडणं होतात. कोच चुकतोय का? आणि हा मुलगा सीझननंतर दुसरीकडे जाईल का?"

उत्तर:

"त्याला मिनिटं द्या" असं म्हणणाऱ्या प्रत्येक फॅनने पुढचं वाक्यही पूर्ण करावं: "आणि ती अमक्याची कापा." ते नाव सांगता येत नसेल तर तुमच्याकडे मत नाही, नुसती इच्छा आहे.

मॅच ४० मिनिटांची आणि कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. ओव्हरटाइम झाला तर आणखी २५. पहिल्या पाच जणांनी सरासरी ३२ मिनिटं खेळायचं म्हटलं तर १६० तिथेच गेली. उरलेल्या ४० मधली साधारण १६ गार्डच्या (बॉल हाताळणाऱ्या, बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूच्या) जागी येणाऱ्या पहिल्या सबला, म्हणजे बदली खेळाडूला, जातात आणि १४ सेंटरच्या जागी येणाऱ्या उंच मुलाला, कारण त्या जागेवर फाउल जास्त होतात आणि तिथे दुसरा माणूस लागतोच. आठव्या खेळाडूला उरतात दहा. तुमच्या फ्रेशमनला नऊ मिळतायत, म्हणजे त्याच्यावर कोणी आकस धरलेला नाही, तो रोटेशनमधला, म्हणजे नेहमी आलटून-पालटून खेळणाऱ्यांतला, आठवा आहे. त्याला वीसवर न्यायचं तर अकरा मिनिटं कुठूनतरी काढावी लागतील. तो गार्ड असेल तर सेंटरची मिनिटं काढून उपयोग नाही. ती गार्डांकडूनच जाणार, आणि ते गार्ड बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे असतात, ज्यांना कोचची प्रत्येक सेट (ठरवलेली चाल) तोंडपाठ असते.

दुसरं म्हणजे नऊ मिनिटांत आठ पॉइंट हा आकडा डोळे दिपवतो. ४० मिनिटांच्या हिशोबाने तो ३५ च्या वर जातो, आणि लगेच कोणीतरी तो लिहून टाकतं. ती नऊ मिनिटं कोणती होती ते आधी बघा. टीम २२ ने पुढे असताना समोरच्या टीमचेही सबच खेळत असतात, त्यांचा डिफेन्स सैल असतो, कोणी स्काउटिंगप्रमाणे (समोरच्या टीमचा अभ्यास करून ठरवलेल्या बेताप्रमाणे) खेळत नाही. त्याच मुलाला पहिल्या हाफच्या मध्यावर, समोर त्यांचे मुख्य पाच असताना उतरवलं की शॉट मिळायलाच मारामार होते. बार्ट टोर्विकच्या कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांच्या साइटवर तारखांप्रमाणे आकडे गाळता येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या दुबळ्या टीमविरुद्धच्या मॅचेस वगळून फक्त कॉन्फरन्सचे (तुमच्याच गटातल्या युनिव्हर्सिटींविरुद्धचे) आकडे काढा आणि मग बोला.

आता मूळ कारण. कॉलेजमध्ये फ्रेशमन बेंचवर बसतो तो बहुतेक वेळा डिफेन्समुळे, आणि तो डिफेन्स फॅन्सना दिसत नाही, कारण सगळे बॉलकडे बघत असतात. पुढच्या मॅचला तो आला की समोरच्या टीमची सलग पाच पझेशन (बॉल त्यांच्याकडे असतानाच्या पाच खेपा) बॉलकडे बघू नका, फक्त त्याच्याकडे बघा. समोरची टीम लगेच त्याच्या माणसाला स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहायला, आणते का? स्क्रीनवरून जायचं की खालून, हे स्काउटिंगमध्ये ठरलेलं असतं: शूटर असेल तर वरून (स्क्रीनच्या पुढून, त्याला चिकटून), नसेल तर खालून (स्क्रीनच्या मागून, बास्केटच्या बाजूने). तो शूटरला खालून गेला की मोकळा थ्री (लांबून तीन पॉइंटांचा शॉट) बसतो. बॉल दुसऱ्या बाजूला असताना बास्केटजवळ मदतीला सरकणारा माणूस तो असेल आणि तो अर्धा सेकंद उशिरा पोचला, तर समोरचा डंक मारतो आणि दोष मात्र ज्याला ड्रिबलवर मागे टाकलं त्या सीनियरच्या (चौथ्या वर्षाच्या खेळाडूच्या) माथी जातो. कोच दुसऱ्या दिवशी फिल्ममध्ये हे सगळं थांबवून-थांबवून बघतो. तुम्ही त्या रात्री फक्त बॉक्स स्कोअर (पॉइंट-मिनिटांचा तक्ता) बघता.

बदल नेमके कधी होतात तेही नोंदवा. कॉलेजच्या पुरुषांच्या मॅचमध्ये प्रत्येक हाफमध्ये घड्याळ २० मिनिटांवरून उलटं चालतं, आणि १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली खेळ पहिल्यांदा थांबला (डेड बॉल) की टीव्हीचा टाइमआउट असतो. हुशार कोच आपल्या मुख्य खेळाडूला १२:२५ च्या सुमाराला बाहेर काढतो. ११:५० ला टाइमआउट झाला तर त्याला घड्याळावर जेमतेम ३५ सेकंद गमावून खरी तीन-चार मिनिटं विश्रांती मिळते. त्या ३५ सेकंदांसाठी आत आलेल्या मुलाला "परीक्षा घेऊन लगेच बाहेर काढलं" असं फॅन्स म्हणतात. तिथे कसली परीक्षा नव्हती, दुसऱ्याला दम घेऊ द्यायचा होता. तुमचा फ्रेशमन फक्त अशा वेळी येतो की टाइमआउटनंतरही कोर्टवर राहतो, यात मोठा फरक आहे. टाइमआउटनंतरही राहायला लागला की समजा, कोचचा विश्वास बसायला लागलाय.

यावर मी इतकं पोटतिडकीने लिहितोय त्याचं कारण ड्यूक युनिव्हर्सिटीचा २०१४-१५ चा सीझन. बेंचचा विषय निघाला की कोणीतरी तिथल्या ग्रेसन अॅलन या गार्डचं नाव काढतंच आणि प्रत्येक वेळी उलटं काढतं. माझा एक मित्र अजूनही म्हणतो की त्या सीझनच्या राष्ट्रीय फायनलने सिद्ध केलं, कोच शशेवस्कींनी एका हिऱ्याला वर्षभर बेंचवर कुजवलं. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

त्या सीझनला अॅलन फ्रेशमन होता. सरासरी नऊ मिनिटं, चार-साडेचार पॉइंट. अगदी तुमच्या फ्रेशमनसारखाच. गार्डच्या जागांवर टायस जोन्स आणि क्विन कुक होते. कुक सीनियर आणि कॅप्टन, मॅचमागे ३५ मिनिटांच्या वर खेळणारा. शिवाय मॅट जोन्स आणि रशीद सुलेमान. अॅलनला मिनिटं द्यायची तर यातल्या कोणाची कापायची होती? माझ्या मित्राने आजवर एकही नाव सांगितलेलं नाही.

मग टीमच आकसली. डिसेंबरमध्ये सेमी ओजेलेने टीम सोडली, जानेवारीच्या शेवटी सुलेमानला टीममधून काढलं. खेळू शकणारे दहा स्कॉलरशिपवाले होते, त्यांचे आठ राहिले. अॅलनची मिनिटं वाढली ती इथून. कोणाला साक्षात्कार झाला म्हणून नाही, जागा रिकामी झाली म्हणून. मार्चच्या सुरुवातीला घरच्या कोर्टवर वेक फॉरेस्टविरुद्ध मॅच पूर्ण एकतर्फी झाली आणि त्यात त्याने २७ पॉइंट केले. एकतर्फी मॅचेसचा खरा उपयोग हाच: सबला मोठा सलग वेळ मिळतो, दोन शॉट चुकले तरी बाहेर काढलं जात नाही आणि तिसरा तो मोकळ्या मनाने घेतो. तुमचा कोच अशा मॅचमध्येही मुख्य पाच जणांनाच शेवटपर्यंत दामटत असेल तर मात्र त्याला बिनदिक्कत नावं ठेवा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

आता ती फायनल: ६ एप्रिल २०१५, इंडियानापोलिस, समोर विस्कॉन्सिन. हाफटाइमला ३१-३१. दुसऱ्या हाफमध्ये विस्कॉन्सिन ४८-३९ ने पुढे गेलं. ड्यूकचे मुख्य खेळाडू ओकाफोर आणि विन्स्लो फाउलच्या अडचणीत. तेव्हा अॅलनने टीमचे सलग आठ पॉइंट एकट्याने केले. लांबून थ्री टाकला, सुटलेल्या बॉलवर झेप घेतली, गर्दीत घुसून फाउल मिळवले. शेवटी त्याचे १६ झाले आणि ड्यूकने ६८-६३ ने मॅच घेतली. टायस जोन्सचे २३ होते आणि फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता माझ्या मित्राचं म्हणणं तपासा. वर्षभर नऊ मिनिटं मिळालेला मुलगा फायनलला तयार होता, म्हणजे ती नऊ मिनिटं वाया गेली नव्हती. तो ज्यांच्याबरोबर खेळला ते कॉलेजमधले सर्वोत्तम गार्ड होते, आणि प्रॅक्टिसमध्ये रोज त्यांनाच अडवायचं काम त्याच्याकडे. कसोटीच्या घटकेला त्याला उतरवला तो त्याच कोचने, ज्याच्यावर कुजवल्याचा आरोप आहे. पुढच्या सीझनला कुक, टायस जोन्स, विन्स्लो, ओकाफोर सगळे गेले, तर अॅलनने सरासरी २१ च्या वर पॉइंट केले. मिनिटं तेव्हा आली कारण ती मोकळी झाली होती.

केंटकीचं उदाहरणही याच वादात येतं. त्याच सीझनला तिथले तेव्हाचे कोच कॅलिपरी यांनी पाच-पाचच्या दोन तुकड्या एकदम बदलल्या आणि टीम ३८-१ राहिली. कार्ल-अँथनी टाउन्सला सरासरी २१ मिनिटं, डेव्हिन बुकर तर सहावा माणूस म्हणून यायचा. दोघेही त्याच वर्षी ड्राफ्टच्या (एनबीएच्या व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) पहिल्या तेरा जणांत गेले, टाउन्स पहिलाच. तेव्हा "तिकडे दहा जण खेळतात, आपल्याकडे का नाही" याचं उत्तर सोपं आहे: त्या टीममधले सहा जण एकाच ड्राफ्टमध्ये निवडले गेले. तुमच्या युनिव्हर्सिटीत तसे सहा आहेत का? आणि डिसेंबरमध्ये त्यांचा खेळाडू पॉयथ्रेस जायबंदी झाल्यावर त्या तुकड्या तिथेही शुद्ध राहिल्या नाहीत.

टीम कशी खेळते त्यावरही बेंच ठरतो. पूर्ण कोर्टवर प्रेस करणाऱ्या (बॉल पुढे आणतानाच समोरच्याला अडवणाऱ्या) टीमला, जसं हगिन्स कोच असतानाचं वेस्ट व्हर्जिनिया, नऊ-दहा जण लागतातच. पाय थकले की प्रेस मोडतो आणि फाउलही भरपूर होतात. उलट कोच बोहाइम यांच्या काळात सिरॅक्यूसने वर्षानुवर्षं २-३ झोन लावला: माणसामागे न धावता प्रत्येकाने आपली जागा सांभाळायची, दोघे पुढे, तिघे मागे. त्यात पळणं आणि फाउल दोन्ही कमी, म्हणून सहा-सात जणांवर भागायचं. तुमची टीम झोन लावणारी असेल आणि फॅन्स दहाव्या खेळाडूसाठी भांडत असतील तर ते भांडण व्यर्थ आहे.

कोच खरोखर कुठे चुकतात तेही सांगतो, नाहीतर मी सगळ्या कोचांचा वकील वाटेन. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की उत्तम खेळाडूला हाफटाइमपर्यंत बसवायची सवय मला पटत नाही. फाउल पाच असतात. तो पाचव्या फाउलवर बाहेर जाईल या भीतीने तुम्ही स्वतःच त्याला दहा मिनिटं बाहेर ठेवलंत, म्हणजे शिक्षा आधीच भोगली. केनपॉम या आकड्यांच्या साइटवर प्रत्येक कोच दोन फाउलवाल्यांना किती खेळवतो याचा वेगळा आकडा आहे, तो काढून बघा. दुसरी चूक म्हणजे एक चुकीचा पास झाला की सबला तिथल्या तिथे ओढून काढणं. तो मुलगा पुढच्या वेळी बेंचकडे बघत खेळतो आणि शॉट घ्यायला कचरतो. तिसरी, तीन-चार सबना एकदम आत घालणं. त्यात कोणीच चांगला दिसत नाही, प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंटांनी पुढे-मागे गेली तो आकडा) सगळ्यांचा घसरतो आणि मग तोच आकडा त्यांच्याविरुद्ध वापरला जातो. एका फ्रेशमनला तीन-चार मुख्य खेळाडूंबरोबर उतरवलं तरच तो काय आहे ते कळतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मित्राला द्यावी लागते, आणि ती अॅलनची नाही, ओजेलेची. त्यालाही ड्यूकमध्ये मिनिटं मिळत नव्हती. तो डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीला गेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी बाहेर बसला आणि २०१६-१७ ला सरासरी १९ च्या आसपास पॉइंट करून अमेरिकन कॉन्फरन्सचा प्लेयर ऑफ द इयर झाला. मग एनबीएच्या बॉस्टन सेल्टिक्सने त्याला घेतलं. त्याने जाणं योग्यच होतं. ड्यूकने त्याला ओळखायला हवं होतं असंही कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण त्या सीझनला त्याच्या जागेवर विन्स्लो होता, हेही बरोबर लिहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आता पोर्टल (युनिव्हर्सिटी बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, २०२१ पासून पहिल्या बदलीला आणि २०२४ पासून कुठल्याही बदलीला बाहेर बसावं लागत नाही, शिवाय खेळाडूंना पैसेही मिळतात. त्यामुळे अॅलनसारखी वर्षभर वाट बघणारी मुलं कमी झाली आणि कोचवरही नऊची चौदा करायचा दबाव आला. तो जाईल की राहील हे त्याच्या पॉइंटांवरून कळणार नाही. त्याच्या जागेवरचे किती सीनियर यंदा संपतायत आणि कोच पोर्टलमधून त्याच जागेसाठी कोणाला आणतोय, ते बघा. दोन गार्ड जाणार असतील आणि फेब्रुवारीत तो टाइमआउटनंतरही कोर्टवर दिसायला लागला असेल, तर बहुधा राहील. त्याच्याच उंचीचा, त्याच्याच जागेवर खेळणारा तिसऱ्या वर्षाचा गार्ड एप्रिलमध्ये आणला, तर तो नक्की जाणार, आणि त्याला दोष देऊ नका.