मेकअप निवडताना आधी उजेड पाहावा: पणजीची नोकरी, डिसेंबरचे लग्न आणि आईचा प्रश्न

आपण रोज फोंड्याहून पणजीला बसने जाता आणि कार्यालयात पोचेपर्यंत फाउंडेशन ठिकठिकाणी फुटलेले असते, असे आपण लिहिले आहे. डिसेंबरात मावसबहिणीचे लग्न आहे आणि ५८ वर्षांच्या आईला व १५ वर्षांच्या भाचीला काय शोभेल, हेही आपल्याला ठरवायचे आहे. मी गेली २२ वर्षे फोंडा आणि डिचोली भागात नवरीचा मेकअप करते. त्याआधी जत्रेतल्या मराठी नाटकांची रंगभूषा करणाऱ्या काकांच्या हाताखाली मी शिकले. काका पेटी उघडण्याआधी मंचावर जाऊन दिवे कसे लावले आहेत ते पाहून येत, कारण मंचावर जो चेहरा रेखीव दिसतो तोच पहाटेच्या उजेडात रंगाचा थर वाटतो. म्हणून वयाआधी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात असे माझे मत आहे: चेहरा कोणत्या उजेडात दिसणार आहे आणि तो किती तास घामात राहणार आहे.

नोकरीपासून सुरुवात करू. आपल्या हवेत दमटपणा इतका असतो की घाम लवकर सुकत नाही. तो त्वचेवरच राहतो आणि फाउंडेशनला खालून उचलतो. त्यामुळे थर वाढवून उपयोग होत नाही, थर कमी करावे लागतात. आधी सनस्क्रीन लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण ते ओले असताना वर फाउंडेशन फिरवले की दोन्ही एकमेकांत मिसळून गोळे होतात. आपल्या फुटलेल्या फाउंडेशनचे कारण बहुधा हेच असावे. एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरण, म्हणजे त्वचा भाजणारे सूर्यकिरण, अडवते, म्हणून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा चेहरा व मान मिळून दोन बोटे भरतील एवढे सनस्क्रीन लावणे अधिक महत्त्वाचे. फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्याला नको; नाकाच्या कडा, हनुवटी आणि डाग असतील तेवढ्याच जागी बोटाने थोपटून लावावे. काजळ आणि लिपस्टिक पर्समध्ये ठेवून पणजीला उतरल्यावर लावावी. दुपारी घामावर कॉम्पॅक्ट चढवू नये, आधी टिशूने टिपून घ्यावे.

कार्यालयात बहुधा ट्यूबलाइटचा पांढरा उजेड असतो आणि त्यात फिकट गुलाबी लिपस्टिक चेहरा निस्तेज करते. आपल्या ओठांच्या रंगाहून एक छटा गडद, विटकरी किंवा तपकिरीकडे झुकणारा गुलाबी रंग बैठकीतही चालतो. मात्र प्रत्येक नोकरीचा नियम वेगळा असतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत उत्पादन विभागात जाणाऱ्या मुलींना मेकअप आणि नेलपॉलिश चालत नाही, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांनाही नेलपॉलिश लावता येत नाही, तर हॉटेलच्या स्वागतकक्षात नीटनेटका मेकअप अपेक्षित असतो. त्यामुळे खरेदीआधी आपल्या ठिकाणचा नियम विचारून घ्यावा.

शेड निवडण्याबद्दल मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ मुलींना दुकानात हमखास दोन छटा फिकट फाउंडेशन दिले जाते, आणि चेहरा उजळण्याऐवजी राखेसारखा दिसू लागतो. हे मी इतक्या नवरींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे की आता ते पाहताना वाईट वाटते. शेड मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला लावावी, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात यावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. जी छटा मानेशी एकरूप होऊन दिसेनाशी होईल, ती आपली.

लग्नात मुहूर्त दिवसाचा असेल तर होमाचा धूर, डोळ्यांत पाणी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश या तिन्हींचा विचार करावा लागतो. काजळ, आयलायनर आणि मस्कारा वॉटरप्रूफ घ्यावा. पूर्वी एका नवरीला मी फ्लॅशखाली न पाहता टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे उजेड परतवणारा पांढरा घटक, असलेली पावडर लावली आणि फोटोंत तिचा चेहरा मानेपेक्षा पांढरा आला. तिची आई ते फोटो दाखवायला आली तेव्हा मला काही बोलता आले नाही. तेव्हापासून मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढल्याशिवाय मी कोणालाही मंडपात पाठवत नाही. हळदीचा पिवळेपणा त्वचेवर एक-दोन दिवस राहतो, तोही शेड ठरवताना ध्यानात घ्यावा. फेशियल किंवा ब्लीच किमान आठवडाभर आधी उरकावे, आणि नवीन वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहावी. संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी चेहरा नव्याने रंगवण्याची गरज नसते. डोळे आणि ओठ गडद केले की पिवळ्या दिव्यांत पुरेसे होते.

आईच्या बाबतीत पावडर जवळजवळ वर्ज्य समजावी. रजोनिवृत्तीनंतर त्वचेचे तेल कमी होते आणि पावडर सुरकुत्यांत जाऊन त्या अधिक ठळक होतात. आधी मॉइश्चरायझर, त्यावर पातळ बीबी क्रीम (मॉइश्चरायझर व हलके फाउंडेशन एकत्र असलेले) आणि गालांवर क्रीम ब्लश पुरेसा आहे. काजळ खालच्या पापणीत भरण्यापेक्षा वरच्या पापणीच्या कडेला बारीक रेघ काढावी, डोळा उचललेला दिसतो. गालांवर वांग (तपकिरी डाग) असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन घ्यावे. ते डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही अडवते आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतो. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा: टिकलीच्या जागी पांढरट डाग दिसतो का? काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने त्वचेचा रंग जातो. डाग दिसल्यास टिकली लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

भाचीला सनस्क्रीन, लिपबाम आणि हवे तर थोडे काजळ, एवढेच द्यावे. मुरुमांवर कन्सीलरचे थर देऊ नयेत, मैत्रिणींचे काजळ वापरू देऊ नये आणि गोरेपणाच्या नावाखाली विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे तर घरातही आणू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते आणि मुरुमे वाढतात.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा. आपल्या पावसाळ्यात स्पंजला बुरशी धरते, म्हणून तो दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवावा.

लग्नाआधीच्या एखाद्या रविवारी पूर्ण मेकअप करून, साडी नेसून पाच तास घरात वावरून पाहा आणि सकाळी अकराच्या सुमारास अंगणात एक फोटो काढा. त्वचा तेलकट आहे की कोरडी आणि पाचव्या तासाला नेमका कुठे मेकअप फुटला, हे कळवलेत तर पुढचे मी नक्की सांगू शकेन.