'नाइट'मध्ये के आणि जी-एच कशाला?

तुमचा प्रश्न असा: 'सरदार' या अर्थाचा 'नाइट' शब्द के-एन-आय-जी-एच-टी असा लिहितात. त्यातले के, जी, एच कुणी उच्चारत नाही, मग ते घातले कशाला आणि अजून काढत का नाहीत?

ती अक्षरं एकेकाळी खरोखर बोलली जायची. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'क्निख्त' असा होता. जर्मनमध्ये गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात, सुरुवातीच्या 'क'सकट. इंग्रजीत तोच शब्द 'नी' झाला, पण लिहिताना के राहिला. जी-एच म्हणजे टाळूला घासून निघणारा 'ख'सारखा आवाज. स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीला 'निख्त' म्हणतात, त्यात तो अजून ऐकू येतो.

स्वरांचं प्रकरण याहून मोठं आहे. आ, ए, ई असं सावकाश म्हणून पाहा, दर वेळी जीभ वर चढते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर असेच एकेक पायरी वर सरकले. 'नेम' आधी 'नाम'सारखं होतं, 'सीड' (बी) हे 'सेड' होतं, 'मून' हे 'मोन' होतं. ई आणि ऊ आधीच सगळ्यात वर, त्यांना वर जायला जागा नव्हती. ते फुटून 'आइ' आणि 'आउ' झाले: 'टीम'चं 'टाइम', 'हूस'चं 'हाउस'. 'साइड'चा उच्चारही आधी 'सीड' असाच होता. 'सेड'चं 'सीड' होत असताना तो जागचा हलला नसता तर दोन शब्द एक झाले असते. म्हणून एक स्वर सरकला की शेजारचाही सरकतो. हे सुरू कशामुळे झालं यावर वाद आहेत. १३४८च्या प्लेगनंतर लंडनमध्ये ठिकठिकाणचे लोक येऊन बोली मिसळल्या, हे एक कारण अनेक अभ्यासक देतात.

'नेम'च्या शेवटी लिहिलेला ई सुद्धा पूर्वी हलका 'अ' म्हणून बोलत. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, तसंच तिथे झालं.

दुर्दैव वेळेचं. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना टाकला १४७६ साली, म्हणजे हे स्थित्यंतर ऐन भरात असताना. त्याचीच १४९०मधली तक्रार आहे: केंटच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याने अंडी मागताना 'एग' हा शब्द वापरला, तर तिथली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तिच्या बोलीत अंड्यांना 'एय्रेन' म्हणत. आता छापायचं कोणतं, हा त्याचा प्रश्न. पुढच्या दीडदोनशे वर्षांत छापील रूपं पक्की झाली, उच्चार मात्र चालतच राहिला.

हे कळलं की बऱ्याच गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. ऱ्हस्व स्वर या सरकण्यात नव्हते, म्हणून 'चाइल्ड' पण 'चिल्ड्रन', 'वाइज' पण 'विज्डम', 'फाइव्ह' पण 'फिफ्टी'. 'मशीन', 'पोलीस' हे शब्द फ्रेंचमधून उशिरा आले. तोवर जुन्या ई-चं 'आइ' होऊन गेलं होतं, म्हणून त्यांच्यात आय लिहूनही 'ई' टिकला. 'फूड', 'गुड', 'ब्लड' या तिन्हींत डबल ओ आहे, कारण तिघांत एकच दीर्घ 'ओ' होता आणि त्याचा 'ऊ' झाला. 'ब्लड'मधला ऊ लवकर ऱ्हस्व झाला आणि सतराव्या शतकात 'कप'मधल्या स्वरासोबत 'अ'कडे गेला. 'गुड'मधला उशिरा ऱ्हस्व झाला, म्हणून त्यातून सुटला. 'फूड' दीर्घच राहिला.

सगळी मुकी अक्षरं मात्र जुन्या उच्चाराची नाहीत. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून बी-शिवाय आला होता, लॅटिन मूळ दाखवायला विद्वानांनी तो घुसडला. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ चूक आहे. बेट याच अर्थाच्या 'आइल' या वेगळ्याच शब्दाशी नातं समजून तो चिकटवला.

आता काढत का नाहीत? मराठीत 'नांव', 'पांच', 'कांहीं'वरचे न बोलले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, कारण साहित्य महामंडळाने नियम केले आणि सरकारने ते शाळांत लागू केले. इंग्रजीला असं एक घर नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टर या कोशकाराने आपल्या कोशांत 'कलर'मधला यू काढला, तो तिथे रुजला. पण 'टंग' आणि 'विमेन' उच्चाराप्रमाणे लिहिण्याची त्याची सूचना त्याच्याच देशाने नाकारली. शिवाय उच्चाराप्रमाणे लिहायचं तर कुणाच्या? उत्तर इंग्लंडमध्ये 'ब्लड' आजही 'ब्लुड'सारखं ऐकू येतं. लंडनमध्ये 'कार'मधला र बहुतेक जण बोलत नाहीत, एडिंबरा आणि शिकागोत बोलतात. तो आर ठेवायचा की काढायचा, हे या तिघांत ठरणार कसं?