डोपिंगला 'भेसळ' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिसंवाहक (म्हणजे खूप थंड केल्यावर वीज जराही न अडवता वाहून नेणाऱ्या) स्फटिकांबद्दल वाचताना 'डोपिंगमधील अव्यवस्था' असे शब्द भेटतात (डोपिंग म्हणजे स्फटिकात मुद्दाम थोडे दुसरे अणू घालणं). त्याऐवजी 'भेसळीमुळे आलेली अशुद्धी' असं सरळ मराठीत लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. भेसळीने वस्तूचा कस उतरतो, इथे नेमकं उलट घडतं. लँथेनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा निर्भेळ स्फटिक वीज वाहूनच नेत नाही. त्यातल्या तांब्याच्या शेजारशेजारच्या अणूंचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला असतं. म्हणजे तो प्रतिलोहचुंबकीय असतो. काही लँथेनमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवला की तांबं-ऑक्सिजनच्या थरांत इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, म्हणजे विवर, तयार होतं. तांब्याच्या 100 अणूंमागे सुमारे 2 विवरं झाली की ती दूरवर पसरलेली चुंबकीय शिस्त मोडते. 5-6 झाली की अतिसंवाहकता उगवते, आणि 16च्या आसपास ती सुमारे 38 केल्विनपर्यंत टिकते. ज्याने स्फटिकाला हा गुण दिला त्याला भेसळ कसं म्हणायचं? 'डोपिंग' खेळांच्या बातम्यांनी बदनाम केलाय खरा, पण मुळात तो डच भाषेतल्या बुडवण्याच्या क्रियापदाशी नातं सांगणारा निरुपद्रवी शब्द आहे. तो तसाच ठेवावा.

'अशुद्धी' मात्र जस्तासाठी राखून ठेवावा. जस्त थेट तांब्याच्याच जागी बसतं. स्वतः अचुंबकीय असूनही ते भोवतालच्या तांब्यात चुंबकत्व जागं करतं आणि थोडक्या टक्क्यांतच अतिसंवाहकतेचा गळा घोटतं.

आता 'अव्यवस्था'. मला हा शब्द मुळीच पटत नाही, कारण त्यातून कारभारातला गोंधळ डोळ्यांपुढे येतो. इथे मुद्दा किती अणू घातले हा नाही, ते कुठे बसले हा आहे. यिट्रियम-बेरियमच्या ताम्र ऑक्साइडचा, ऑक्सिजन कमी असलेला स्फटिक भट्टीतून काढून झटकन थंड केला, तर ऑक्सिजनचे अणू जिथे सापडले तिथेच अडकतात. पण तोच स्फटिक खोलीच्या तापमानाला काही दिवस ठेवून पाहा: अणू हळूहळू सरकून रांगा धरतात, थरांतली विवरं वाढतात आणि क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते तापमान, चढतं. बाहेरून ऑक्सिजनचा एक कणही घातलेला नसतो! हे वाचल्यापासून माझी निवड पक्की झाली: 'विस्कळीतपणा'. विस्कळीत झालेली घडी पुन्हा बसू शकते, हा अर्थ त्या शब्दातच आहे.

स्ट्रॉन्शियमचं तसं नाही. तो भट्टीत जिथे बसला तिथून थंड झाल्यावर हलत नाही. तिथे 'विखुरलेले अणू' म्हणणं अधिक नेमकं.