'तीनशे वर्षांपूर्वीच्या टिंगलीवर पीएच.डी. करायची म्हणते'

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, इंग्रजी स्पेशल. गुण चांगले आहेत. आम्ही बी.एड. किंवा एलएल.बी. सुचवतो. तिला मात्र एम.ए. करून सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या राजकीय उपहासावर पीएच.डी. करायची आहे. तेव्हा कोणी कोणाची टिंगल केली हे शिकून नोकरी कोण देणार? तिची समजूत कशी काढावी? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. समजूत काढायचं नंतर बघू. आधी ती काय शिकू म्हणतेय ते तुमच्या कानावर घालतो, कारण टिंगल म्हणाल तर त्या टिंगलीपायी माणसं तुरुंगात गेली आहेत. लेखक डॅनियल डीफोनं १७०२मध्ये एका कडव्या धर्माभिमान्याच्या तोंडून पत्रक लिहिलं : अधिकृत चर्च न मानणाऱ्यांचा समूळ निकाल लावा. सुरुवातीला कित्येकांना ते खरंच वाटलं. खरा प्रकार कळल्यावर सरकार चवताळलं आणि १७०३मध्ये डीफोला दंड, तुरुंग आणि तीन दिवस भर चौकात लाकडी खोड्यात उभं राहण्याची शिक्षा झाली.

त्यामुळे या काळातल्या चांगल्या लेखकाला दोन कसरती एकदम कराव्या लागत. वाचकाला नेमका माणूस ओळखू आला पाहिजे आणि कोर्टात तो सिद्ध मात्र होता कामा नये. कवी ड्रायडननं १६८१मध्ये बायबलमधल्या डेव्हिड राजाची आणि त्याच्या बंडखोर मुलाची गोष्ट काव्यात सांगितली. तिच्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याचा अनौरस मुलगा मॉनमथ आणि त्याला फूस लावणारा राजकारणी शाफ्ट्सबरी सगळ्या लंडनला दिसले. (शाफ्ट्सबरीवर राजद्रोहाचा खटला भरायचा घाट घातला होता, नेमकी तेव्हाच कविता बाहेर पडली. ज्यूरीनं त्याला सोडलं ते सोडलंच.)

जोनाथन स्विफ्टचा 'गलिव्हर' आपण शाळेत बुटक्यांची गोष्ट म्हणून वाचतो. त्यातले दरबारी पद मिळवायला दोरीवर नाचतात. सगळ्यांत उंच उडी मारणारा खजिनदार म्हणजे तेव्हाचा सर्वेसर्वा रॉबर्ट वॉलपोल. राजा खूश झाला की रेशमी दोरा देतो : निळा, लाल किंवा हिरवा. हे तीन खऱ्या राजकीय सन्मानांच्या फितींचे रंग, आणि त्यांतले दोन वॉलपोलनं नुकतेच पटकावले होते! १७२६च्या लंडनच्या पहिल्या आवृत्तीत मात्र जांभळा, पिवळा आणि पांढरा असे निरुपद्रवी रंग छापले गेले. खरे रंग आले ते १७३५च्या डब्लिनच्या आवृत्तीत. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून हा फरक पकडायचा आणि तो का पडला ते पुराव्यानिशी मांडायचं, हे तुमच्या लेकीचं काम असेल. संपादन, प्रकाशन, पत्रकारिता आणि वकिली या चारही ठिकाणी हीच नजर लागते.

वकिलीचं नाव मी मुद्दाम घेतलं. हेन्री फील्डिंग लंडनच्या हेमार्केटमधल्या छोट्या थिएटरात वॉलपोलची रेवडी उडवणारी नाटकं करत होता. जून १७३७मध्ये सरकारनं कायदाच आणला : नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्या. फील्डिंगचं दुकान बंद झालं. त्यानं कायद्याचा अभ्यास केला, १७४०मध्ये बॅरिस्टर झाला आणि पुढे बो स्ट्रीटचा मॅजिस्ट्रेट. ती पूर्वपरवानगी इंग्लंडमध्ये १९६८पर्यंत चालली. आपल्याकडे आजही नाटकाची संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जातेच.

आता पैशाचं बोलू. या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे. वरिष्ठ महाविद्यालयांत कायम जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात, आणि नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएच.डी. हातात असलेली मुलं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, शिकवतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एम.ए. जरूर करू द्या. दुसऱ्या वर्षापासूनच नेटला बसवा. जेआरएफ (नेटमधल्या गुणांवर मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, मग पीएच.डी.ला बेलाशक जाऊ द्या. नुसती नेट किंवा सेट निघाली तर घरच्या पैशानं पीएच.डी. सुरू करू नका. तेव्हा तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी द्यावी. एम.ए. वाया जात नाही, आणि बदनामी, सेन्सॉरशिप, कॉपीराइट या विषयांत ती इतरांच्या पुढे असेल.

विषय मात्र तिनं थोडा वळवावा. नुसत्या स्विफ्टवर इंग्लंड-अमेरिकेत ढिगानं काम झालंय. पण खाडिलकरांच्या 'कीचकवध'मध्ये (१९०७) महाभारताआडून लॉर्ड कर्झनला धरलं होतं आणि १९१०मध्ये इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. ड्रायडनचं बायबल आणि खाडिलकरांचं महाभारत समोरासमोर ठेवायचं तर दोन्ही भाषा मुरलेल्या असाव्या लागतात. तिथल्या किती संशोधकांना मराठी येतं? ही तिची जमेची बाजू आहे. गाइड निवडतानाही तुलनात्मक साहित्यात काम करणारे बघा, नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका.

परीक्षा संपली की तिला स्विफ्टचा १७२९चा 'अ मॉडेस्ट प्रपोजल' वाचायला सांगा. थोडीच पानं आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. गरिबांची मुलं श्रीमंतांनी खावीत असा हिशेब एक सज्जन गृहस्थ आकडेवारीसह मांडतो. त्यावर तिनं दोन पानं लिहावीत : बोलणारा कोण, मार कोणाला बसतोय, आणि कोर्टात यातलं काय सिद्ध करता आलं असतं. पहिल्या दोन प्रश्नांत रमली तर संशोधन, तिसऱ्यात रमली तर कायदा. ती पानं मला पाठवा, मी वाचून कळवीन.

बी.एड.चा विषय तिनं स्वतः काढलेला नसेल तर तूर्त तुम्हीही काढू नका.