लेकीचं सरकारी विम्याचं कार्ड काढलं तर ग्रीन कार्ड अडेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. आय-140, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन सहा वर्षं झाली, पण ग्रीन कार्डाचा नंबर अजून लागलेला नाही. मुलगी चार वर्षांची, जन्म इथलाच. मध्यंतरी नवऱ्याची नोकरी गेली. 60 दिवसांच्या आत दुसरी मिळाली, पगार कमी आहे, आणि तिथला विमा 90 दिवसांनी सुरू होणार. मुलीला दमा आहे. प्रीस्कूलमधून एनजे फॅमिलीकेअरचा, म्हणजे न्यू जर्सीतल्या मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचा, फॉर्म मिळालाय, पण ओळखीचे सगळे म्हणतात, "सरकारी काही घेऊ नका, पुढे ग्रीन कार्ड अडेल." दम्याच्या पंपात 34 पफच उरलेत. मी दोनऐवजी एकच पफ देते आहे. काय करू? दुसरं, सासूबाई 67 वर्षांच्या आहेत, मोठ्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचं ग्रीन कार्ड केलं. त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, मिळेल का?

— एडिसनमधली एक आई

उत्तर : अगं, आधी पफचं. डॉक्टरांनी दोन सांगितले असतील तर दोनच दे, आजपासून. पंप संपत आला तर कार्ड यायची वाट बघू नकोस. जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये जा. तिथे उत्पन्न बघून फी कमी करतात आणि व्हिसा विचारत नाहीत. मी अशाच एका सेंटरमध्ये सतरा वर्षं हे फॉर्म भरून देते आहे.

आता फॉर्म. तो आजच भर. तुझी लेक अमेरिकन नागरिक आहे, तिचा हक्क तिचा आहे. न्यू जर्सीत मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या 355 टक्क्यांपर्यंत आहे, त्यामुळे "आमचा पगार जास्त आहे" असं परस्पर ठरवू नकोस. अर्जदार म्हणून फक्त मुलीचं नाव घाल. तुम्हा दोघांचं उत्पन्न सांगावं लागेल, पण जो स्वतःसाठी काही मागत नाही त्याने आपलं इमिग्रेशन स्टेटस सांगायची गरज नाही. ती चौकट रिकामी सोडली म्हणून फॉर्म परत येत नाही.

लोक ज्याला घाबरतात तो 'पब्लिक चार्ज'चा नियम, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का ही तपासणी. कायद्यात ती 1882 पासून आहे. 2022 च्या नियमात अर्जदाराने स्वतः घेतलेली रोख मदत किंवा सरकारी खर्चाने संस्थेतला दीर्घकाळचा मुक्काम एवढंच धरलं जातं. मुलाने घेतलेलं काही आईबापाच्या नावावर पडत नाही. आणि हे नीट वाच : फेब्रुवारी 2020 ते मार्च 2021 या काळात जो सगळ्यात कडक नियम होता, त्यातसुद्धा 21 वर्षांखालच्यांचं मेडिकेड मोजत नव्हते. नोव्हेंबर 2025 मध्ये 2022 चा नियम काढून टाकायचा प्रस्ताव सरकारने मांडला, म्हणून पुन्हा कुजबुज वाढली. आय-485, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, भरायची वेळ येईल तेव्हा त्या दिवशीचा नियम वकिलाला विचार. पण त्या दिवसासाठी आज लेकीचा श्वास अडवून ठेवू नकोस.

हे मी इतक्या जोरात का सांगते, तेही सांगते. 2018 च्या शेवटी असाच प्रस्ताव आला होता. नियम लागू व्हायला अजून वर्षाहून जास्त वेळ होता. एक आई माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मुलाचं नाव कमी करा." मुलगा इथेच जन्मलेला. मी पाऊण तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि तरीही सही केली. कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर पोराने हत्तीचं स्टिकर चिकटवलं होतं. मार्चमध्ये ती परत आली ती इमर्जन्सीचं बिल घेऊन. पाकीट उघडलेलंच नव्हतं, तसंच माझ्यापुढे सरकवलं. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या पाहणीत 2018 मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या दर सातपैकी एका प्रौढाने सांगितलं होतं की भीतीपोटी त्यांनी किंवा घरातल्या कुणी सरकारी मदत टाळली. मला तो आकडा वाचला की ते पाकीट आठवतं.

एक गोष्ट लपवणार नाही. 2025 मध्ये मेडिकेडची माहिती केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडून होमलँड सिक्युरिटी या इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याकडे गेली आणि न्यू जर्सीसह अनेक राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. घरात कुणाकडे कागदपत्रं नसतील तर मी आधी वकिलाकडे पाठवते. तुम्ही दोघं वैध व्हिसावर आहात आणि अर्ज नागरिक मुलीचा आहे, म्हणून तुला थांब म्हणत नाही.

तुला स्वतःला एच-फोर वर मेडिकेड मिळणार नाही. गरोदरपण असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मला पुन्हा लिही.

सासूबाईंना मेडिकेअर इतक्यात नाही. 65 पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य, तेव्हा हप्ता भरून घेता येईल. भारतात लांबचा मुक्काम झाला तर ती पाच वर्षं तुटू शकतात, हे दिरांच्या कानावर घाल. मेडिकेडलाही 1996 च्या कायद्याने पाच वर्षांची अट घातली आहे, फक्त जिवावर बेतलं तर इमर्जन्सी मेडिकेड आहे, तेही उत्पन्न बसलं तर. तोवर 'गेट कव्हर्ड न्यू जर्सी' या राज्याच्या विमा खरेदीच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावाने विमा बघा. टॅक्समध्ये त्या कुणाच्या घरात धरल्या जातात त्यावर सवलत ठरते, म्हणून दिरांना आणि तुम्हाला एकत्र बसावं लागेल.

फॉर्मबरोबर मुलीचा जन्मदाखला, नव्या नोकरीच्या पगाराच्या पावत्या आणि जुना विमा बंद झाल्याचं पत्र जोड. पत्र सापडलं नाही तर जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाक, पण त्यासाठी फॉर्म अडवून ठेवू नकोस, मागून देता येतं.